मिरचीच्या खोलीची कडी

हुणशीकट्टीच्या रुद्रव्वाचं नाव पुस्तकात शांतव्वा ठेवलं, खोट्याची सुरुवात तिथूनच झाली. जिच्या जिभेला भिऊन ब्याडगीच्या बाजारातले अडते मिरचीचं वजन नीट करत, तिला शांतव्वा म्हणायचं म्हणजे कारल्याला गूळ म्हणायचं. पण लिहिणाऱ्याला विचारणार कोण? आणि लिहिणारा घरचाच होता. रुद्रव्वाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, धारवाडच्या कॉलेजात शिकवणारा गुरुपादप्पा. त्याच्या कादंबरीचं कन्नड नाव चांगलं लांबलचक होतं. गावात सगळे तिला नुसतं 'पुस्तक' म्हणत, कारण गावानं दुसरं कुठलं वाचलंच नव्हतं.

पुस्तकाला सरकारी बक्षीस मिळालं, मग ते कॉलेजात लावलं गेलं, आणि दरवर्षी सुगी संपली की पोरापोरींनी भरलेली एक बस गावच्या चिंचेखाली येऊन थांबू लागली. पोरं आधी गौडांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या, थोरल्या घराचे खांब बघत. मग शेजारच्या धाकट्या घरात शिरून रुद्रव्वाच्या पाया पडत. त्यांचे मास्तर सांगत, "हीच ती माउली! घराणं तुटू नये म्हणून जिनं आपला पहिला मुलगा हसत हसत जावेच्या ओटीत घातला." पोरींचे डोळे भरून येत. रुद्रव्वा त्यांच्यापुढं चुरमुरे आणि मिरचीची भजी ठेवी आणि "खावा, लांबनं आलाय," एवढंच म्हणे.

हसत हसत म्हणे! त्या दिवशी काय झालं ते पाहणारी बरीच माणसं तेव्हा गावात जिवंत होती. एकानंही कधी मास्तरांना अडवलं नाही. भजी खाताना कोण कशाला बोलेल?

झालं होतं ते असं. थोरल्या घरात चन्नबसप्पा आणि गुरुसिद्धव्वा, धाकट्या घरात त्याचा भाऊ मल्लेशप्पा आणि रुद्रव्वा. दोन घरांच्या मध्ये एक भिंत, पुढं दोघांची मिळून एकच लांब ओसरी, ओसरीच्या टोकाला मिरची साठवायची खोली, आणि ह्या सगळ्यावर सासू. गुरुसिद्धव्वाचा पाळणा हलला नव्हता. ती माहेरून भावाचा पोर दत्तक आणणार अशी कुणकुण लागली तशी सासू खवळली. परक्या रक्ताचं पोर ह्या उंबऱ्याच्या आत आलं तर घर बुडालंच म्हणून समजा, असं म्हणत तिनं रुद्रव्वाच्या वीरण्णाकडं बोट दाखवलं. वीरण्णा तेव्हा आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा.

रुद्रव्वा नुसतं 'नाही' म्हणून थांबली नाही. चार बायकांदेखत सासूला म्हणाली, "एवढी हौस असंल तर तुम्हीच आणखी एक काढा की, अत्ती, आणि द्या थोरलीला." ह्या वाक्यावर गावातल्या बायका पुढं कित्येक वर्षं पदरात तोंड घालून हसल्या. पुस्तकात हे वाक्य नाही.

दत्तकाच्या दिवशी तिला न्हायला घातलं, नवं इरकल नेसवलं, आणि "अय्यांना जरा दाखवून आणतो" म्हणून पोर उचललं. ती मागोमाग धावली. मल्लेशप्पानं तिला दंडाला धरून मिरचीच्या खोलीत लोटलं आणि चुलतभावाला ओरडून सांगितलं, "गुरुपाद, कडी लाव!" गुरुपाद तेव्हा बी.ए.ला होता, सुट्टीला आला होता, शर्टाच्या खिशाला पेन होतं. त्यानं कडी लावली.

ब्याडगीची मिरची रंगाला जास्त आणि तिखटाला कमी, असं व्यापारी सांगतात. छतापर्यंत मिरची भरलेल्या बंद खोलीत त्यांना एकदा कोंडायला पाहिजे, म्हणजे कमी तिखट किती ते कळेल. रुद्रव्वाला खोकल्यापुढं हाकसुद्धा मारता येईना. ओसरीवर घोंगडी अंथरून दत्तकविधी सांगणारे जंगम, अय्या, बसले होते. त्यांनी विचारलं, "आई कुठाय? आईनं आपल्या हातानं पोर ओटीत घालायचं, अशी रीत हाय."

सासू म्हणाली, "आत हाय. मन भरून आलंय तिचं. तिच्या वतीनं मी घालते."

खोकला सगळ्यांना ऐकू येत होता. सगळ्यांनी त्याला हुंदका म्हणायचं ठरवलं. कडी निघाली तेव्हा रुद्रव्वाचे डोळे सुजून लालभडक झाले होते, आणि ते पाहून बायकांनी "आईचं काळीज हो" म्हणत आपापल्या डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर भिंतीपलीकडं पोर रडे आणि अलीकडं तिची चोळी भिजे. एकदा अंगावर घेतलं तर पोराची ओढ इकडंच राहील म्हणून सासू थोरल्या घराच्या दारात ठाण मांडून बसे. रुद्रव्वानं ते दूध भांडी घासायच्या दगडावर पिळून टाकलं. पुस्तकात शांतव्वा आपलं दूध बेलाच्या मुळाशी घालते आणि बेलाला नवी पालवी फुटते. दगडाला काही फुटलं नाही. मुंग्या आल्या.

वीरण्णा वाढला तो तिला 'चिक्कव्वा' म्हणत, काकूला म्हणतात तसं. घरात खरं कुणी सांगितलं नव्हतं, पण शाळेतल्या पोरांना सगळं ठाऊक असतं. "तुझ्या आईला तू नकोसा झालास, म्हणून दिलं तुला उचलून, भाकड गाय देतात तसं," असं ती त्याला चिडवत. तेव्हापासून तो रुद्रव्वाकडं पाठ करून बसू लागला. तिनं गूळ पुढं केला तर मूठ उघडत नसे. मध्ये तिला दुसरा मुलगा झाला, कोट्रेश. त्याला तिनं चांगलं पाच वर्षांचा होईपर्यंत कडेवरून खाली उतरवलं नाही. लोक हसले. हसू देत.

पुस्तक निघालं तेव्हा वीरण्णा धारवाडला कॉलेजात होता आणि कोट्रेश गावच्या शाळेत. रुद्रव्वाला वाचता येत नव्हतं, म्हणून कोट्रेशनं तिला चुलीपाशी बसून वाचून दाखवलं. ओटीचा प्रसंग आला तशी तिनं हातातली फुंकणी खाली आपटली. "ही कोण रं बया? आणि ह्या गुरुपादाला लाज न्हाई? जत्रेला येऊ दे त्याला, सगळ्या गावापुढं उभा करते आणि इचारते." आणि तिनं विचारलंही असतं. ती तसलीच होती.

पण जत्रेच्या आधी वीरण्णा आला. हातात पिशवी, पिशवीत पुस्तक. तो थोरल्या घरात न जाता सरळ हिच्या स्वयंपाकघरात शिरला, पिठानं भरलेल्या तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "अव्वा, मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, तू मला टाकलंस."

एवढ्या वर्षांत पोटच्या पोरानं पहिल्यांदा 'अव्वा' म्हटलं. आता काय करणार होती ती? "न्हाई रं बाबा, ती पुस्तकातली निराळी" असं सांगणार होती? गुरुपादाचं खोटं तिनं गिळलं आणि वर तांब्याभर पाणी प्याली.

तेव्हापासून दर उगादीला, पाडव्याच्या सणाला, वीरण्णा आधी तिच्या दारात येई. तिच्या हातचा कडुलिंब आणि गूळ तोंडात टाकी, होळीगे, म्हणजे पुरणपोळी, खाई, मग आपल्या घरी जाई. ती होळीगे वाढताना वरून तुपाची धार धरी ती भांडं रिकामं होईपर्यंत. जत्रेत गुरुपादप्पा भेटला की तोही पाया पडे, म्हणे, "वहिनी, तुमच्यामुळं आम्ही लेखक झालो." आणि ती, जिच्यापुढं अडते नमत, ती मान खाली घालून उभी राही. ह्याची तिला चीड येई. पण उगादी दरवर्षी येई.

सासू गेली, मल्लेशप्पा गेला, थोरल्या घरातली दोघं गेली. वीरण्णा गौडा झाला. त्याची बायको शिवलीला चांगल्या घरातली, पण पाळणा पुन्हा थोरल्या घराचाच हलेना. इकडं कोट्रेशला दोन मुलींनंतर मुलगा झाला. मुलाला दात यायच्या सुमाराला वीरण्णा एका संध्याकाळी येऊन चुलीपाशी बसला.

"अव्वा, पोर द्यायला कोट्रेश हो म्हणालाय. पण महानंदा ऐकंना. तू सांग की तिला. तुझ्यावाचून दुसरं कोण सांगणार?"

"पहिलाच मुलगा हाय तिचा, अप्पा."

"मी पण पहिलाच होतो की. तरी तू हसत दिलंस." असं म्हणून तो देवळात माणसं बघतात तसा तिच्याकडं बघत राहिला. तिनं चुलीत लाकूड सारलं. धुरानं डोळ्यांत पाणी यायची सोय झाली.

महानंदा, कोट्रेशची बायको, हावेरीच्या कॉलेजात दोन वर्षं गेलेली. दुसऱ्या दिवशी सासूबरोबर भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "अत्ती, पीयूसीला, बारावीला, आम्हाला हेच पुस्तक होतं. शांतव्वाचा त्याग आपल्या शब्दांत लिहा. मी चार पानं लिहिली, सरांनी वर्गात वाचून दाखवली. आता खरोखर आपल्या शब्दांत सांगायचं तर 'नाही' एवढंच सुचतंय, आणि ते कुणाला ऐकू येत नाही."

रुद्रव्वानं पुढचा गोळा परातीत घेतला.

"खरं सांगा मला. हसत दिला होता तुम्ही?"

"तवा बघ," रुद्रव्वा म्हणाली. "भाकरी करपली."

भाकरी करपली नव्हती. सून उठून गेल्यावर रुद्रव्वाला स्वतःचीच किळस आली. तिला कळत होतं, एका शब्दानं ह्या पोरीचं पोर वाचेल. आणि त्याच शब्दानं आपला लेक जाईल. तिनं लेकाच्या बाजूनं तोंड मिटलं होतं. सासूची जात, दुसरं काय.

दत्तकाला सगळं गाव आलं. ओसरीवर घोंगडी अंथरली, पानं, नारळ, खण मांडले. गुरुपादप्पाला मुद्दाम धारवाडहून बोलावून खुर्ची दिली होती. खांद्यावर शाल, डोक्यावर पांढरे केस, निवृत्त माणसाचं तेज. अय्या आता जुन्या अय्यांचा मुलगा. त्यानं बापाच्या रीतीत एक भर घातली होती. ओटीत पोर घालताना आईनं हसून तीनदा 'दिलं' म्हणायचं. बापाच्या काळी असलं काही नव्हतं, हे त्यानं पुस्तकातून उचललं होतं. आणि एव्हाना आसपासच्या खेड्यांतसुद्धा दत्तकाला आया हसून तीनदा 'दिलं' म्हणू लागल्या होत्या. गुरुपादाला एकट्या रुद्रव्वाची दशा पुरली नव्हती.

कोट्रेश पोराला घेऊन आला तो एकटाच. त्यानं आईकडं पाहिलं नाही.

अय्या म्हणाले, "आई कुठाय?"

"आत हाय," कोट्रेश म्हणाला. "मन भरून आलंय तिचं."

हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकातही ते नव्हतं. रुद्रव्वाला सासू आठवली, आणि तेवढ्यात ओसरीच्या टोकाकडून खोकला आला. कोरडा, मध्येच गुदमरणारा. तो खोकला ओळखणारी माणसं त्या ओसरीवर आता दोनच उरली होती. तिनं गुरुपादप्पाकडं पाहिलं. तो आपल्या पायाचे अंगठे बघत होता.

ती उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली, कुणीतरी "अव्वा, बसा की" म्हणालं. तिनं जाऊन मिरचीच्या खोलीची कडी काढली. महानंदा बाहेर पडली, डोळे लाल, नाकातोंडातून पाणी. ती तशीच तरातरा चालत गेली, कोट्रेशच्या हातातून तिनं पोर ओढून घेतलं आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी घातली.

"हे काय चाललंय?" अय्या म्हणाले.

"रीत चाललीया," रुद्रव्वा म्हणाली. "मी दिलं न्हवतं. ऐकलंत का सगळ्यांनी? माझा वीरण्णा मी कुणाला दिलेला न्हाई. मला ह्याच खोलीत कोंडलं हुतं, आणि अत्तीनं पोर थोरलीच्या ओटीत घातलं. हसत म्हणं! श्वास घ्यायला जमत न्हवतं मला."

मग शेजारचा फकीरप्पा, पंच म्हणून मिरवणारा, समजुतीच्या सुरात म्हणाला, "रुद्रव्वा, वय झालं तुझं. इसरलीस. जा रं, पुस्तक आणा कुणीतरी."

आणि पुस्तक आणलं हो! अय्यांनी पान काढून, बोट ठेवून, तिला वाचून दाखवलं. तिनं पोर कसं दिलं, ती कशी हसली, तिच्या चेहऱ्यावर कसलं तेज होतं. "बघा अव्वा, हसत हसत असंच छापलंय. छापलेलं खोटं कसं असंल?"

"ज्यानं लिवलं त्यो म्होरं बसलाय. त्याला इचारा. गुरुपाद, कडी कुणी लावली हुती रं?"

गुरुपादप्पानं चष्मा काढला, शालीच्या टोकानं पुसला, परत लावला. "वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "कादंबरीत थोडं इकडंतिकडं करावं लागतं. वाचकाला वर उचलावं लागतं."

"वाचकाला उचललंस. मला आतच ठिवलंस."

कुणी त्याच्याकडं ह्याचं उत्तर मागितलं नाही. बक्षीस मिळालेल्या माणसाकडं कोण उत्तर मागतं?

वीरण्णा घोंगडीवर बसल्या जागेवरून बोलला. "म्हणजे तू मला दिलं न्हाईस."

"न्हाई, अप्पा. हिसकावून नेलं तुला."

तिला क्षणभर वाटलं, आता त्याला बरं वाटेल. आईनं आपल्याला दिलं नव्हतं, ती आपल्यामागं धावली होती, हे दिल्यापेक्षा चांगलं नाही का? ती त्याच्याकडं आशेनं बघत राहिली.

"मग न्यायला का आली न्हाईस?" तो म्हणाला. "मधी भिंत तर एकच हुती."

हाच प्रश्न इतकी वर्षं भांडी घासताना तिनं स्वतःला विचारला होता. सासू होती, नवऱ्याचा हात होता, माहेरी बाप नव्हता, पुढं कोट्रेश पोटात होता. सगळं खरं होतं आणि काहीच पुरेसं नव्हतं. आज खोटं बोलायचं नाही असं ठरवून बसलेली ती म्हणाली, "भ्याले, अप्पा."

"पुस्तकातली भीत न्हाई," वीरण्णा म्हणाला.

तो उठला, अंगावरचं उपरणं झटकलं आणि थोरल्या घरात गेला. शिवलीला मागोमाग गेली. जेवण तयार होतं, ते वाया जाऊ नये म्हणून गाव पंगतीला बसलं आणि जेवून गेलं. गुरुपादप्पाला दही पुन्हा वाढलं.

थोरल्या घरात पुढं शिवलीलाच्या भावाचा पोर आला. परक्या रक्ताचा; तसल्याच पोराच्या धास्तीनं एकदा रुद्रव्वाला कोंडलं होतं. घर बुडालं नाही. एक कौलसुद्धा हललं नाही. पोर गोड आहे, ओसरीभर रांगतं, रुद्रव्वाकडं बघून हसतं. बस अजून येते. पण आता पोरं थोरल्या घराचे खांब बघूनच परत फिरतात, कारण मास्तरांना कुणीतरी सांगून ठेवलंय, की त्या म्हातारीचं डोकं आता ठिकाणावर नाही.

उगादीला रुद्रव्वानं होळीगे केल्या. महानंदा म्हणाली, "अत्ती, एवढ्या कशाला? आपण खाऊन संपणार नाहीत." ती म्हणाली, "असू देत." कडुलिंबाची फुलं आणि गूळ वाटीत कालवून ती दारात बसली. ऊन ओसरीवर आलं, मग भिंतीवर चढलं. वीरण्णा थोरल्या घरातून बाहेर पडला, नवं धोतर, कपाळाला विभूती. तो तिच्या दारासमोर थांबला. तिनं वाटी उचलली.

"चिक्कव्वा," तो म्हणाला, "कोट्रेश हाय का घरात? बोअरच्या मोटारीचं बघायचं हुतं."

"शेतावर गेलाय, अप्पा," रुद्रव्वा म्हणाली. "आला की धाडते."

तो गेला. तिनं वाटी आत नेऊन चुलीच्या कोपऱ्यात ठेवली. महानंदाचं पोर पायांत येऊन उभं राहिलं, हात वर करून, मला घे म्हणून. तिनं त्याला कडेवर घेतलं आणि वीरण्णासाठी काढून ठेवलेली होळीगे कुस्करून त्याला भरवली, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत.